मागच्या चेंबरमधला भात

सोमवार, ३ मार्च

सकाळी मागचं दार उघडलं आणि उघडल्या उघडल्या परत लावलं. असा वास आयुष्यात आला नव्हता, आणि माझं नाक काही साधं नाही. बावीस वर्षं लॉन्ड्रीच्या काउंटरवर तयार झालेलं आहे. लोकांच्या कॉलरी, काखा, उशांचे अभ्रे, आणि न लिहिण्यासारखं बरंच काही रोज हाताळते. डाग बघून सांगते की हा रस्सा, हे रक्त, हे खोकल्याचं औषध. पण हा वास म्हणजे मेलेल्या उंदराने अंडी घातली असती आणि ती नासली असती तर आला असता तसा.

नाकाला रुमाल बांधून गेले. चेंबरच्या झाकणाच्या कडेने काळं पाणी बुडबुडत होतं, आणि त्यात पांढरं काहीतरी तरंगत होतं. बघितलं नाही. नाश्ता तसाच राहिला.

मागच्या पाईपला दोनच संडास जोडलेले आहेत. एक दादाच्या खोलीतला. वहिनीला शेवटच्या आजारपणात चालवेना, तेव्हा तो खोलीतच काढून घेतला. दुसरा वरच्या मजल्यावरच्या भाडेकरणीचा. ती नर्स आहे, सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणते. माझी न्हाणी आणि संडास पुढच्या बाजूला, त्यांची लाईनच वेगळी. म्हणजे ही घाण माझी नाही. लिहून ठेवते.

दादाला सांगितलं तर म्हणाला, "साबणबाई, एवढं काय? पाणी तुंबलंय, निघेल." लहानपणापासून हेच नाव ठेवलंय त्याने मला. आवाज घोगरा येत होता. म्हटलं, बघ, त्या वायूने तुझा घसासुद्धा बसला.

मंगळवार, ४ मार्च

प्लंबर आला. मी त्याचं नाव 'उद्या' ठेवलंय, कारण तो दुसरा शब्द बोलत नाही. आज मात्र आला. बांबूच्या कामट्या आत सारल्या, सहा फुटांवर अडकल्या. ढकलल्या, फिरवल्या, उपसल्या. प्रत्येक वेळी कामटीला लागून जे बाहेर यायचं ते तो माझ्या फरशीवर झटकायचा! मी ओरडले तर म्हणतो, "ताई, घाणच आहे ती, सोनं थोडंच आहे."

त्याचं म्हणणं, पाईप जमिनीत दबलाय. मागे शेजारच्या बांधकामावर खडीचा ट्रक आला होता, त्याने वळताना आपल्या अंगणाचा कोपरा घेतला होता. तिथेच. चार इंची प्लास्टिकचा पाईप, वर माती जेमतेम हातभर. खणून तुकडा बदलावा लागेल. मग म्हणाला, "आणि ताई, संडासात अन्न टाकू नका हो. भात आहे सगळा. फुगून बसतो."

भात! मला शरम वाटली. आमच्या घरात अन्न टाकत नाहीत. दादाचं ताट तर मी रोज बघते, धुतल्यासारखं लख्ख असतं. दोन महिन्यांपासून तो त्याच्या खोलीत जेवतो, म्हणतो रेडिओ ऐकत जेवलं की बरं वाटतं. पण एक शीत मागे ठेवत नाही. मग उरलं कोण? वरची.

खणायला कधी येणार, विचारलं. "उद्या."

गुरुवार, ६ मार्च

आला नाही. कालही नाही.

आज सिस्टरला जिन्यात गाठलं. ड्यूटीवरून आली होती, डोळे लाल. मला दया आली नाही. वास सगळ्या गल्लीत पसरलाय आणि नाव माझ्या घराचं होतंय.

मी म्हटलं, "उरलेलं जेवण संडासात ओतायची तुमच्याकडे पद्धत असेल, माझ्याकडे नाही."

ती म्हणाली, "ताई, मी घरी स्वयंपाकच करत नाही. दोन्ही वेळा हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये जेवते. वरती चहापुरता गॅस आहे फक्त."

"मग भात काय उंदीर टाकतात?"

मग हळूच विचारते, "दादांची तब्येत बरी आहे ना? परवा दिसले, खूप उतरल्यासारखे वाटले."

विषय कसा बदलावा हे हिच्याकडून शिकावं. मी सांगितलं, दादा पहाटे उठून तीन मैल चालतो, म्हणून पोट गेलंय. त्याच्या दोन पँटी मी स्वतः कमरेत आवळून दिल्यात. सदुसष्टाव्या वर्षी पट्ट्याला नवं भोक पाडायला लागणं ही कौतुकाची गोष्ट आहे, कीव करण्याची नाही. ती "बरं ताई" म्हणून वर गेली. चोराच्या उलट्या बोंबा.

दोन्ही संडास बंद केले. दादा आणि ती, दोघांनाही पुढची न्हाणी वापरायची परवानगी दिली. माझ्या न्हाणीत. प्रत्येक वेळी नंतर मी जंतुनाशक ओतते.

शुक्रवार, ७ मार्च

'उद्या'ला चार फोन केले. शेवटी त्याने फोन बंदच करून ठेवला.

दादाने नवीनच काढलंय, जेवण झालं की लगेच पिशवी घेऊन फिरायला जातो. म्हणे पचन चांगलं होतं. कोपऱ्यावरची दोन कुत्री त्याच्या मागे फाटकापर्यंत येतात आणि शेपट्या हलवत बसतात. आयुष्यभर कुत्र्याला जवळ केलं नाही त्याने. म्हातारपणी माणूस मऊ होतो.

अजून एक सुधारणा: हातरुमाल स्वतः धुतो हल्ली. मी मागितले तरी देत नाही. वहिनीने पंचवीस वर्षं घालवली त्याला हे शिकवायला.

शनिवार, ८ मार्च

मी खणलं. हो, मी.

लॉन्ड्रीतून अर्धा दिवस घेतला, दादाचे जुने बूट घातले, नाकाला दुहेरी रुमाल, त्यावर कापूर. टिकाव, फावडं, घमेलं. दादाही उतरला. पंचेचाळीस वर्षं कारखान्यात लेथ चालवलेला माणूस, म्हटलं चला, काम होईल. दहा घाव घातले नसतील, तोच भिंतीला टेकून बसला. चेहरा पांढरा पडला. मी रागावले, "वयाचं भान ठेव." तो हसला. त्याला खुर्ची आणून दिली आणि साहेब केलं.

हातभर खाली माती ओली लागली. त्यानंतर माती म्हणता येणार नाही. काळी, चकचकीत, साबणासारखी बुळबुळीत, आणि फावडं उचललं की चोखल्यासारखा आवाज करून सोडणारी. त्यात गांडुळं. गुलाबी, जाडजूड, खाऊनपिऊन सुखी. एक फावड्याने दोन झालं आणि दोन्ही अर्धी आपापल्या वाटेने निघाली. मला उमासा आला. रुमालाच्या आतच आला. तोंडात आलेलं गिळावं लागलं, कारण हात कोपरापर्यंत भरलेले. हे मी कोणाला सांगणार नाही. वहीला सांगते.

पाईप दिसला. गोल पाईप पायाखाली आलेल्या डब्यासारखा चपटा झालेला, वरच्या बाजूला वीतभर चीर, आणि चिरेतून ते सगळं महिनाभर जमिनीत झिरपत होतं. त्याच्यावर मी कपडे वाळत घालत होते.

तीन वेळा आंघोळ केली. हाताला वास आहेच. नखांच्या मुळाशी काळी रेघ राहिली आहे. माझ्या! काउंटरवर लोकांना दिसेल.

रविवार, ९ मार्च

दादा म्हणाला, प्लंबरची वाट कशाला बघायची, हात तुझे, डोकं माझं. सामान घेऊन आले: पाईपचा तुकडा, सांध्यावर बसवायचे दोन कपलर, चिकटवायच्या सोल्युशनचा डबा, करवत.

त्याने खुर्चीत बसून दोन्ही कपलर कानशीने आतून घासले. आत मधोमध एक कड असते, ती काढली की कपलर पाईपवर पुढेमागे पूर्ण सरकतो. आधी दोन्ही बाजूंच्या जुन्या टोकांवर सरकवून ठेवायचा, मधे नवा तुकडा बसवायचा, मग सोल्युशन लावून कपलर सांध्यावर ओढून घ्यायचा. सांगत होता कुजबुजल्यासारखं, पण कानशीवर हात पूर्वीचेच. मध्ये मध्ये थांबून पाण्याचा घोट घेई. तो घोटही पटकन जात नव्हता, मान लांब करून घेई. मी म्हटलं, "एवढ्या वासात मला तर थुंकीसुद्धा गिळवत नाही." तो म्हणाला, "तेच ना."

पाईप दोन ठिकाणी कापला. चपटा तुकडा उचलला तर हा जड! उलटा केला. आतून गच्च गोळा पडला, पाईपच्याच आकाराचा. पहिल्यांदा मी मान फिरवली. मग धंद्याची सवय, बघितलंच. भात. बटाट्याच्या फोडी. अंड्याचा पांढरा. फरसबीचे तुकडे, अजून हिरवे, तिरके कापलेले. मी फरसबी तिरकीच कापते, आईची पद्धत. हिने माझं बघून उचललेली दिसते. चहापुरता गॅस म्हणे!

मी दादाला तो गोळा फावड्यावर धरून दाखवला. म्हटलं, "बघ, चावलेलंसुद्धा आहे यात. तोंडातलं काढून टाकलंय. किती ओंगळ बाई असेल. तिला महिनाअखेरीला खोली सोडायला सांगते."

दादा गोळ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "तिला काही बोलू नकोस."

"का नको?"

"माझं ऐक. नको बोलूस." आणि उठून आत गेला. त्याला मळमळलं असणार. मला इतकं सवयीचं झालंय की दुसऱ्याला किळस येते हेच विसरले.

दुपारी बाहेर आला आणि उरलेलं सांगितलं. खाली वाळूचा थर. चार फुटाला एक इंच उतार. लेव्हल त्याने मला तीनदा बघायला लावली. सोल्युशन लावल्यावर थांबायचं नाही, झटक्यात ओढायचं. मी ओढलं. बरोबर पेन्सिलीच्या खुणेवर बसलं. दादा म्हणाला, "शाबास, कारखान्यात घेतलं असतं तुला."

खूप दिवसांनी बरं वाटलं. तेवढ्यात बोट नाकाला लागलं.

सोमवार, १० मार्च

सगळं झाल्यावर 'उद्या' आज आला. सांधे दाबून बघितले, म्हणाला, "कोणी केलं?" मी म्हटलं, मी. विश्वास बसला नाही त्याचा. खड्डा लगेच बुजवू नका म्हणाला. दोन-तीन दिवस वापर होऊ द्या, सांधे कोरडे राहतात का बघा, मग माती लोटा. चेंबरचं झाकणही उघडंच ठेवलंय.

सिस्टर चार दिवस प्रशिक्षणासाठी बाहेरगावी गेली. जाताना किल्ली द्यायला आली. मी किल्ली घेतली, तोंडाने एक शब्द बोलले नाही. दादाने सांगितलं होतं म्हणून फक्त. तीच म्हणाली, "ताई, वरचा पाण्याचा कॉक बंद केलाय. आणि दादांना एकदा आमच्याकडे दाखवून घ्या. मी डॉक्टरांशी बोलून ठेवते." कावेबाज आहे. गोड बोलून खोली टिकवायची.

बुधवार, १२ मार्च

आज सुट्टी. जेवणात भात, फरसबी, उकडलेलं अंडं. दादाचं ताट त्याच्या खोलीत नेऊन दिलं. रेडिओ चालू होता.

मी मागे जाऊन खड्ड्याच्या कडेला बसले, सांधे बघायला. वृत्तपत्राचा कागद खाली अंथरला होता, थेंब पडला तर कळावा म्हणून. कागद कोरडा होता. मी खुशीत होते.

मग दादाच्या खोलीत पाणी सोडल्याचा आवाज आला. पाणी चेंबरमधून नव्या पाईपकडे खळखळ गेलं. छान, कुठे न अडखळता. आणि त्याच्याबरोबर उघड्या चेंबरमध्ये माझ्या पायाशी आलं. भात. अंडं, कुस्करलेलं. फरसबी तिरकी. अजून वाफ गेली नसेल तिची.

वर कुलूप. किल्ली माझ्या कमरेला.

परत पाणी सोडलं त्याने. मागे राहिलेली शितं वाहून गेली. नीटनेटका माणूस आहे.

खिडकीपाशी जाऊन विचारलं, "जेवलास?"

"हो. फरसबी छान झाली होती."

ताट घेतलं. लख्ख होतं. तरी धुतलं.

गुरुवार, १३ मार्च

कामावर गेले नाही. काल रात्रभर मी मोजत होते. पट्ट्याचं भोक, पँटी, रुमाल, पिशवी, कुत्री. सगळं या वहीतच लिहिलंय मी, माझ्याच अक्षरात, वर कौतुकासकट. बाईला दुसऱ्याच्या कॉलरीवरचा डाग दहा फुटांवरून दिसतो.

दुपारी भात मऊ शिजवला, दूध घातलं, आणि ताट घेऊन त्याच्या खोलीत गेले. रेडिओ बंद केला. समोर बसले.

"माझ्यासमोर खा."

"तू जा गं, मी खातो."

"दादा, मी काल खड्ड्यापाशी होते."

मग त्याने चमचा उचलला. घास तोंडात घेतला, चावला, चावत राहिला. मान लांब केली. गळ्याची शीर उभी राहिली. पाणी घेतलं. डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, गेला. नव्हता गेला. तो संडासाकडे जायला उठू लागला. मी त्याच्या हनुवटीखाली ओंजळ धरली.

म्हटलं, "इथे टाक."

मानेने नको नको म्हणत राहिला. मग आलंच. भात, दूध, लाळ, आणि त्यात तांबूस एक धागा. ते रक्त होतं. डाग ओळखता येतात मला.

"शी, हात धू आधी," म्हणाला.

"धुते की."

पण मी उठले नाही. ओंजळ तशीच मांडीवर ठेवून बसले. विचारलं, "कधीपासून?"

"दोन-अडीच महिने. आधी फक्त पोळी अडकायची. आता भातही."

"आणि सांगायचं नव्हतं?"

त्याने चमचा ताटात ठेवला. मग म्हणाला, "तुझ्या वहिनीच्या वेळेला अकरा महिने दवाखान्याच्या बाकावर काढलेस तू. आधीची लॉन्ड्री सुटली होती तुझी. दुसरी मिळेपर्यंत केस पांढरे झाले. मला परत तुला त्या बाकावर बसवायचं नव्हतं."

मी म्हटलं, "म्हणून खड्ड्यात बसवलंस?"

आधी तो हसला. मग मी. त्याला हसताना ठसका लागला आणि मी त्याची पाठ चोळली, त्या तसल्याच हाताने. शर्टाला पाच बोटं उमटली.

नंतर मात्र रागावले. जे तोंडाला आलं ते बोलले. म्हटलं, तू गुपचूप मेला असतास आणि मी म्हटलं असतं, काय छान बारीक झाला होता. ताट लख्ख ठेवून गेला. त्याने मान खाली घातली. म्हणाला, "भीती वाटली गं." आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं हे मी त्याच्या तोंडून.

सिस्टरला फोन लावला. मी नुसतं "दादा" म्हटलं. ती म्हणाली, "हो ताई. मी सांगून ठेवलंय. उद्या सकाळी आठला उपाशी पोटी घेऊन या."

उपाशी पोटी.

मंगळवार, १८ मार्च

पाच दिवस वही उघडली नाही.

शुक्रवारी दुर्बीण घालून बघितलं. अन्ननलिका खाली एका जागी आवळलीय. डॉक्टरांनी थोडी रुंद केली, मांसाचा कण तपासायला पाठवला आणि दादाला दाखल करून घेतलं. काय आहे ते रिपोर्टशिवाय सांगत नाहीत. मी डॉक्टरांच्या चेहऱ्यावर शोधलं, तिथे काही मिळालं नाही. दोन महिने आधी आला असतात तर, असं म्हणाले आणि वाक्य पुरं केलं नाही. मी दादाकडे बघितलं नाही, त्याने माझ्याकडे.

सिस्टर परत आली. वॉर्डाच्या दारातच तिला थांबवलं. म्हटलं, "मी तुम्हाला चोर ठरवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी." ती म्हणाली, "माझ्या वडिलांनी बिछान्याखाली लपवलं होतं जेवण. आम्हालाही मुंग्या लागेपर्यंत कळलं नाही. तुम्ही बसा, मी चादर बदलते." दोघींनी मिळून बदलली.

वॉर्डात वास आहे. फिनेल, लघवी, शिळं दूध. सगळं ओळखू येतं मला, एकेक वेगळं काढून सांगेन. आज सकाळी दादाला उलटी झाली, भांडं घेऊन मी न्हाणीकडे निघाले तर पलीकडच्या खाटेला भेटायला आलेल्या बाईंनी नाकाला रुमाल लावला आणि तोंड वाकडं करून दोन पावलं मागे सरल्या. मी थांबले. त्यांना म्हटलं, "रुमाल कशाला? माझ्या भावाचं आहे." त्या गोंधळल्या. मी पुढे गेले. नंतर वाईट वाटलं, त्यांचा काय दोष. पण माफी मागितली नाही.

संध्याकाळी सूप दिलं. एक चमचा. थांबलो. दुसरा. तिसऱ्याला त्याने डोळे मिटले, गळ्यावर हात ठेवला, आणि मग मान हलवली. उतरला. चौथाही उतरला. सगळं पोटात राहिलं. रिपोर्ट शुक्रवारी.

मी पाचवा भरून पुढे केला तर म्हणतो, "साबणबाई, हाव नको."

सूप गार होत होतं. सकाळपासून मीही काही खाल्लं नव्हतं. तो चमचा मीच प्यायले. मग वाटीतलं उरलेलं सगळं, त्याच चमच्याने.